फिरता चषक

राज्य शालेय खो-खोचा फिरता चषक
दर डिसेंबरात तीन दिवस माझ्याकडे मुक्कामाला असतो.
तांबट आळीत, राळेच्या वाडग्याशेजारी,
गोणपाटावर आडवा,
पाठ चोळून घ्यायला आलेल्या पैलवानासारखा.

मी एकही सामना पाहिलेला नाही.
मला खो-खो कळतो तो अक्षरांतून.
अडुसष्टपासून त्र्याऐंशीपर्यंत वडिलांचा हात:
'श' पोटाशी फुगलेला, 'ल' ऐसपैस बसलेला.
पुढे माझा. उभा, घाईचा,
पहिल्या दोन वर्षांत तर थरथरलेलाही.
शोधलात तर सापडेल.

बहात्तरची पट्टी इतरांपेक्षा अरुंद आहे.
वडील म्हणायचे, त्या वर्षी पत्राही मोजून मिळायचा.
एक्क्याण्णवला इचलकरंजीचं शाळेचं नाव
इतकं लांब की 'माध्यमिक' मी गिळून टाकलं.
मुख्याध्यापकांचं पोस्टकार्ड आलं होतं. ठेवलंय.
मुलींचा चषक वीतभर लहान,
का ते कुणालाच सांगता आलं नाही.
फलटणच्या मुलींनी तो सलग पाच वर्षं नेला,
आता त्याच्या बुडाला पट्टीला जागा नाही
आणि मोठ्याच्या बुडाला अजून आहे.
वीस-एकवीसला स्पर्धाच नव्हती.
कार्यालयातले घुले म्हणाले, सोडून द्या.
मी नुसतं साल कोरलं.
साल तर झालं होतं ना.

लेझरनं अर्ध्या तासात होतं, हे घुल्यांना ठाऊक आहे.
"जुन्या अक्षराशेजारी जुनंच अक्षर हवं," म्हणतात.
खरं म्हणजे मी उधारी ठेवते.

दुसऱ्या दिवशी, साधारण अकराला,
आळीच्या तोंडाशी रिक्षा लावून दिगंबर खुटवड येतात.
वडिलांच्या वेळेपासून येतात.
चप्पल बाहेर. चहा नको. "आलाय का?"
मग चषक मांडीवर घेऊन फिरवत फिरवत
एकोणऐंशीशी थांबतात.

*आवटी बाळासो रामचंद्र, कर्णधार, सांगली.*

एकदाच सांगितलं त्यांनी, तेही पावतीपुस्तकाकडे बघत.
शेवटचा डाव. भवानी पेठेतली आमची शाळा,
अंगात बनियन, नंबर खडूनं लिहिलेला.
एक गुण बाकी, मीच शेवटचा गडी,
अकरा सेकंद काढायची होती फक्त.
खांबाला वळसा घातला
आणि आवटीनं सूर मारला.
टाचेला नख लागलं, बाई.
पंचांना दिसलंही नसतं.
मीच हात वर केला.

त्यानंतर चषक त्यांच्या शाळेत कधीच आला नाही.
शाळाही पुढे राहिली नाही;
तिथं आता प्लायवुडची गोदामं आहेत.
म्हणून ते इथे येतात,
आणि बोलता बोलता अंगठा त्या नावावरून फिरवत राहतात,
रिक्षाचं हँडल धरून राठ झालेला अंगठा,
चाळीस-पंचेचाळीस डिसेंबर.
इतर सगळी नावं चिंच लावली की उजळतात.
हे एक झिजलं.

परवा मीच विषय काढला.
म्हटलं, बुडाखाली लाल कापड आहे,
ते उचकटून आतल्या बाजूला तुमचं नाव घालते.
बारीक. कुणी बघायला जात नाही.
ते इतके गप्प झाले
की पलीकडच्या दुकानातले हंड्यावरचे ठोके मोजता आले.
"तिथं जिंकलेल्यांची नावं असतात," म्हणाले.
"मी बाद झालो होतो."

उठले, चप्पल पायात सरकवली,
पुन्हा वळून आत आले.
खिशातून चष्मा काढला,
पट्टीवर वाकले.
"ह्याचा 'ट' पार गेलाय बघा.
नुसता टवका राहिलाय.
जरा खोल घ्या की."

घेतला.
ते काम मी कुणाच्याच बिलात लावत नाही.